तळहात, तळपाय आणि काखेतील अतिघाम : अनुभव, उपचार आणि शंका

बकुळ

उकाडा नाही, श्रम नाहीत, भीतीचे काही कारण नाही, तरीही ज्यांचे तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा घामाने ओला राहतो, अशा सर्वांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढत आहे. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला हायपरहायड्रोसिस म्हणतात. उपचारांची माहिती विखुरलेली असते, तिच्यात अर्धवट सल्ले मिसळलेले असतात आणि बरेच जण डॉक्टरांकडे जातच नाहीत, कारण घामासाठी कोणी दवाखान्यात जाते का, असे त्यांना वाटते.

माणसाच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यांची सर्वाधिक दाटी तळहातांवर व तळपायांवर असते. अतिघाम असलेल्या व्यक्तीच्या ग्रंथी संख्येने जास्त किंवा आकाराने मोठ्या नसतात. त्यांना घाम सोडण्याचा संदेश देणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंकडून येणारी सूचना मात्र गरजेपेक्षा तीव्र असते आणि वारंवार येते. हे मी आवर्जून सांगते, कारण ‘स्वभाव भित्रा आहे’, ‘मन घट्ट कर’ असे सल्ले ऐकावे न लागलेला अतिघामाचा रुग्ण मला अजून भेटलेला नाही. ताणाने घाम वाढतो हे खरे आहे. समोरच्याला घाम दिसेल या धास्तीने तो आणखी सुटतो आणि त्यामुळे धास्तीही वाढते, हेही खरे आहे. परंतु शांतपणे एकटे पुस्तक वाचत बसलेल्या माणसाच्याही बोटांच्या टोकांवरून थेंब ओघळतात, तेव्हा त्याचा दोष स्वभावाला देता येत नाही.

प्राथमिक, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आजारामुळे न उद्भवणारा अतिघाम ओळखण्याच्या खुणा बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. उघड कारणाशिवाय ६ महिने किंवा अधिक काळ ठरावीक भागांत घाम येत असेल, तो शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल, आठवड्यातून किमान एकदा तरी त्रास होत असेल, सुरुवात वयाच्या २५ वर्षांच्या आत झाली असेल, कुटुंबात आणखी कोणाला हा त्रास असेल, रोजच्या कामांत अडथळा येत असेल आणि झोपेत घाम थांबत असेल, तर डॉक्टर बहुधा याच निदानाकडे वळतात. शेवटची खूण विशेष महत्त्वाची आहे. आम्ही झोपलेलो असतो तेव्हा आमचे हात इतरांच्या हातांइतकेच कोरडे असतात.

मला शाळेच्या वयापासून तळहात आणि तळपाय या दोन्ही ठिकाणी हा त्रास आहे. वहीचे पान हाताखाली लिबलिबीत होणे, शाई पसरणे, फोनच्या पडद्याने बोट न ओळखणे, हजेरीच्या यंत्रावर ठसा न उमटणे, कोणी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला की आपला हात नकळत कपड्याला पुसणे, या सगळ्यातून मी गेले आहे. आज माझा त्रास पूर्ण गेलेला नाही, पण आयन्टोफोरेसिसमुळे, म्हणजे पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या उपचारामुळे, तो बराच आटोक्यात आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहीन. तोवर आपण आपले अनुभव लिहावेत आणि कोणता उपचार कोणत्या भागासाठी केला हे अवश्य नमूद करावे, कारण काखेला लागू पडणारा उपाय तळहाताला लागू पडेलच असे नाही.

पायवाट

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझा त्रास केवळ काखेत आहे, परंतु इतका की अनेक वर्षे गडद किंवा पांढऱ्या रंगांखेरीज दुसऱ्या रंगाचा सदरा मी घातला नाही, कारण इतर रंगांवर ओला डाग लगेच उठून दिसतो.

बहुसंख्य लोक जिथे अडतात त्या मुद्द्यावर मला लिहायचे आहे. डिओडरंट आणि अँटिपर्स्पिरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिओडरंट वास झाकते किंवा वास निर्माण करणाऱ्या जिवाणूंना रोखते. घामाच्या प्रमाणावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. अँटिपर्स्पिरंटमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात, जे घर्मग्रंथीच्या नलिकेच्या तोंडाशी तात्पुरता अडसर तयार करतात. साध्या अँटिपर्स्पिरंटने भागत नसेल, तर डॉक्टर १० ते २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचे द्रावण सुचवतात.

‘ते लावून पाहिले, आग झाली, सोडून दिले’ असे मी अनेकांकडून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी चौकशी केल्यावर असे दिसले की ते सकाळी, अंघोळीनंतर लगेच, ओलसर त्वचेवर लावले जात होते. अॅल्युमिनियम क्लोराइडचा पाण्याशी संयोग झाला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, आणि आग होते ती त्यामुळे. म्हणून हे द्रावण रात्री झोपताना लावायचे असते. त्या वेळी ग्रंथी सर्वांत कमी काम करत असतात, त्यामुळे अडसर तयार व्हायला अवकाश मिळतो. त्वचा पूर्ण कोरडी हवी. शंका असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राच्या थंड झोताने ती वाळवून घ्यावी. ६ ते ८ तास ठेवून सकाळी पाण्याने धुऊन टाकावे. केस काढल्यावर किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस, लावू नये. घाम कमी होईपर्यंत रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, एवढे पुरते. त्वचा लाल झाली तर काही दिवस थांबावे; माझ्या डॉक्टरांनी अशा वेळी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम थोडे दिवस लावायला सांगितले होते.

अॅल्युमिनियममुळे स्तनांचा कर्करोग होतो असे बरेचदा पसरवले जाते. आजवरच्या अभ्यासांतून तसा संबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

सांजवेळ

माझी मुलगी १२ वर्षांची आहे. लिहिताना तिची उत्तरपत्रिका ओली होते आणि कागद फाटतो. शिक्षकांना वाटते की ती परीक्षेला घाबरते. हल्ली ती खेळात इतर मुलींचा हात धरायचे टाळते, आणि मला घामापेक्षा या गोष्टीचेच जास्त वाईट वाटते. अॅल्युमिनियम क्लोराइड तिच्या तळहातांवर फारसे चालले नाही. एवढ्या लहान वयात काही करावे, की मोठी झाल्यावर आपोआप कमी होईल म्हणून वाट पाहावी? वाट पाहा, असेच सगळे सांगतात.

बकुळ

सांजवेळ, माझ्या मते वाट पाहू नये. तळहाताचा अतिघाम वाढत्या वयात आपोआप नाहीसा होईल या भरवशावर ही वर्षे घालवणे योग्य नाही, कारण मूल हात लपवायला शिकते ते याच वयात, आणि ती सवय घाम कमी झाल्यावरही सहज सुटत नाही. तळहाताची त्वचा जाड असल्यामुळे तिथे अॅल्युमिनियम क्लोराइड काखेइतके परिणामकारक ठरत नाही, त्यामुळे तुमचा अनुभव अपवादात्मक नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे आयन्टोफोरेसिसविषयी अवश्य विचारावे. ते मुलांनाही देता येते.

या उपचारात दोन उथळ तबकांत नळाचे पाणी घेऊन त्यांत एकेक तळहात ठेवतात आणि यंत्राद्वारे सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. तळहातांसाठी तो साधारणतः १५ ते २० मिलिअँपिअर असतो. मुलांसाठी कमी ठेवतात आणि हळूहळू वाढवतात. एक बैठक २० ते ३० मिनिटांची असते आणि मध्यावर प्रवाहाची दिशा बदलतात. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, आणि हात कोरडे राहू लागले की आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी. परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि अनेक जण तेवढा धीर न धरता आधीच थांबतात. हा उपचार पद्धतशीरपणे करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना फरक जाणवतो. बंद केल्यावर घाम परत येतो, हे मात्र गृहीत धरले पाहिजे. १९६८ मध्ये एका त्वचारोगविषयक नियतकालिकात यासाठीच्या साध्या उपकरणाचे वर्णन छापून आले, तेव्हापासून मूळ पद्धत फारशी बदललेली नाही.

तपशिलातल्या काही गोष्टी कोणी आधी सांगत नाही. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. हातावर बारीकशी चीर असली तरी प्रवाह तिथे एकवटतो आणि झोंबतो. त्या जागी आधी पेट्रोलियम जेली लावावी. प्रवाह चालू असताना हात झटकन पाण्याबाहेर काढला तर चांगलाच झटका बसतो. धोका नसतो, पण मूल घाबरते आणि पुन्हा बसायला तयार होत नाही, म्हणून ही गोष्ट मुलीला आधीच समजावून सांगा. पाण्यात क्षार अगदीच कमी असतील तर प्रवाह नीट वाहत नाही. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. गरोदर स्त्रिया, पेसमेकर बसवलेले रुग्ण, प्रवाहाच्या मार्गात धातूचे रोपण असलेले आणि अपस्माराचे रुग्ण यांनी हा उपचार घेऊ नये. घरी तारा आणि चार्जर जोडून असे यंत्र तयार करण्याच्या कृती फिरत असतात. कृपा करून कोणीही, विशेषतः मुलांसाठी, तसे काही करू नये.

शाळेबद्दल एक सुचवते. डॉक्टरांकडून निदानाची चिठ्ठी घेऊन शिक्षकांना द्यावी आणि लिहिताना हाताखाली टिपकागद किंवा सुती रुमाल ठेवण्याची, पसरणाऱ्या शाईऐवजी बॉलपेन वापरण्याची परवानगी मागावी. ही आजाराची बाब आहे हे लेखी कळल्यावर शिक्षकांचा सूर पुष्कळदा बदलतो.

नीलमोहर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरची माहिती योग्य आहे. तिला थोडी पुस्ती जोडतो.

प्रथम, कोणता घाम ‘नेहमीचा’ समजू नये याविषयी. आयुष्यात कधीही त्रास नसताना प्रौढ वयात अचानक सुरू झालेला, सर्वांगाला येणारा, रात्री झोपेत कपडे भिजवणारा किंवा शरीराच्या एकाच बाजूला येणारा घाम तपासून घ्यायलाच हवा. थायरॉइडचे अतिकार्य, रक्तातील साखर घसरणे, क्षयासारखे संसर्ग, लसिकाग्रंथींचा कर्करोग, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीची विशिष्ट गाठ, रजोनिवृत्ती, तसेच नैराश्यावरील काही औषधे आणि अफूवर्गीय वेदनाशामके ही त्याची कारणे असू शकतात. सोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल तर विलंब करू नये. घामासोबत छातीत दुखत असेल तर तो आपत्कालीन प्रसंग आहे.

त्वचेवर लावण्याच्या औषधांत अलीकडे भर पडली आहे. घर्मग्रंथींना मज्जातंतूंचा संदेश अॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत मिळतो; तो ग्रंथीपर्यंत पोहोचू न देणारी ही औषधे आहेत. ग्लायकोपायरोनियम टोसिलेटने भिजवलेल्या, काख पुसण्याच्या कापडी तुकड्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ९ वर्षे व त्यावरील वयासाठी मान्यता दिली. ती काखेपुरती आहे. सोफपायरोनियमच्या जेलला जपानमध्ये २०२० साली आणि अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली, तीही काखेसाठीच. ही औषधे लावल्यावर हात न धुता डोळ्याला लावला तर बाहुली विस्फारते आणि काही काळ धूसर दिसते, म्हणून हात धुण्याची सूचना मी रुग्णाकडून पुन्हा वदवून घेतो.

काखेसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने हा भरवशाचा उपाय आहे. त्याला अमेरिकेत २००४ मध्ये या वापरासाठी मान्यता मिळाली. आधी आयोडीन आणि स्टार्च लावून घामाचा नेमका भाग शोधतात. जिथे घाम असतो तिथे निळसर काळा रंग उमटतो. मग प्रत्येक काखेत एकूण ५० एकके, त्वचेत बारीक सुईने १० ते १५ ठिकाणी देतात. परिणाम आठवडाभरात दिसू लागतो आणि सरासरी सहा-सात महिने टिकतो. तळहातांवरही ती देता येतात, परंतु तिथे सुई बरीच दुखते आणि काही आठवडे चिमटीची ताकद कमी होऊ शकते. वादक, शिवणकाम करणारे, बारीक अवजारे हाताळणारे यांनी याचा आधी विचार करावा. काखेतील ग्रंथी सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने नष्ट करण्याचे यंत्रही २०११ पासून वापरात आहे आणि त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो.

पोटातून घेण्याच्या ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या अनेक भागांत घाम येणाऱ्यांना उपयोगी पडतात. त्या अत्यल्प मात्रेपासून सुरू करतात. तोंड कोरडे पडणे हा जवळपास सर्वांना होणारा त्रास आहे. बद्धकोष्ठता, धूसर दिसणे आणि लघवी अडणे हेही होऊ शकते. अरुंद कोनाचा काचबिंदू, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) किंवा लघवी तुंबण्याचा त्रास असलेल्यांनी त्या घेऊ नयेत. या गोळ्या सगळ्या शरीराचा घाम कमी करतात, म्हणून त्या घेऊन कडक उन्हात श्रम किंवा व्यायाम केल्यास शरीर स्वतःला थंड करू शकत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. मित्राच्या सांगण्यावरून या गोळ्या कधीही सुरू करू नका.

ध्रुवपद

शस्त्रक्रियेविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. माझ्यावर विशीत एन्डोस्कोपिक थोरॅसिक सिम्पथेक्टमी झाली. छातीत दुर्बीण घालून अनुकंपी मज्जातंतूंची साखळी ठरावीक बरगडीच्या पातळीवर कापतात किंवा तिला चिमटा लावतात. भूल उतरली तेव्हा दोन्ही तळहात कोरडे आणि उबदार होते, आणि आजही ते तसेच आहेत. तळहातांच्या बाबतीत या शस्त्रक्रियेचे यश फार मोठे आहे, यात शंका नाही.

परंतु काही महिन्यांतच पाठ, पोट आणि मांड्या यांना पूर्वी कधी न आलेला घाम येऊ लागला. याला भरपाईचा घाम म्हणतात. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांना तो कमीअधिक प्रमाणात येतो. पुष्कळांना सौम्य, काहींना मात्र इतका तीव्र की मूळ त्रास परवडला असे वाटावे. माझा मधल्या प्रकारातला आहे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंगातला सदरा बदलावा लागतो. मला पूर्वी हात लपवावे लागत, आता बसून उठल्यावर आसन ओले राहिले नाही ना हे वळून पाहावे लागते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, आणि कापलेला मज्जातंतू परत जोडून पूर्वस्थिती येत नाही. चिमटा काढून टाकता येतो असे सांगितले जाते, पण तो काढल्याने त्रास जाईलच याचा भरवसा नसतो. क्वचित पापणी खाली उतरणे आणि बाहुली बारीक होणे हा हॉर्नर सिंड्रोमही उद्भवतो.

मी कोणाला शस्त्रक्रिया करू नका असे सांगणार नाही. ज्यांच्या हातून ओलेपणामुळे काम निसटते, ज्यांचा रोजगारच अडतो आणि ज्यांचे बाकीचे उपचार खरोखर करून झाले आहेत, त्यांच्यासाठी ती योग्य ठरू शकते. पण इथे मी ‘खरोखर’ या अटीवर अडून बसेन. शल्यचिकित्सकांना भरपाईच्या घामाबद्दल थेट विचारा. कोणत्या बरगडीच्या पातळीवर छेद घेणार आणि त्या पातळीची निवड का, हेही विचारा. ‘थोडासा घाम दुसरीकडे जातो’ एवढेच उत्तर मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

पायवाट

ध्रुवपद, इतके मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. माझ्या भावाला तळपायांचा त्रास आहे. बुटात पाय सतत ओला राहिल्याने तळव्यावर बारीक खड्डे पडले आहेत आणि उग्र वास येतो. घरात सर्वांनी ते बुरशीचे समजून मलम लावले, उपयोग झाला नाही. तळपायांसाठी छातीतली ही शस्त्रक्रिया उपयोगी पडते का?

नीलमोहर

तळपायांसाठी ती करत नाहीत. पायांच्या मज्जातंतूंची साखळी कमरेच्या भागात असते. तिथली शस्त्रक्रिया वेगळी आणि पुरुषांत तिच्यामुळे वीर्यस्खलनाचे दोष उद्भवू शकतात, म्हणून तिचा विचार फार क्वचित होतो. पायांसाठी आयन्टोफोरेसिस उत्तम चालते. बारीक खड्डे आणि वास हे वर्णन पिटेड केराटोलिसिसचे वाटते. तो जिवाणूंमुळे होतो, त्यामुळे बुरशीनाशकाचा पुरेसा उपयोग होत नाही. प्रत्यक्ष तपासून लावण्याचे प्रतिजैविक दिले की तो लवकर बरा होतो, मात्र पाय ओला राहिला तर पुन्हा होतो. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत म्हणजे प्रत्येक जोड पूर्ण वाळतो. मोजे दिवसातून किमान दोनदा बदलावेत आणि ओलावा बाहेर खेचणाऱ्या धाग्याचे असावेत, कारण सुती मोजा घाम शोषून तो पायाशीच धरून ठेवतो.

शंखपुष्पी

मी पन्नाशीची आहे. मला घाम येतो तो केवळ डोक्याला आणि चेहऱ्याला. बैठकीत बोलायला उभी राहिले की केसांतून धारा लागतात. यातले काय माझ्या कामाचे आहे?

नीलमोहर

शंखपुष्पी, तुमच्या वयात प्रथम रजोनिवृत्ती, थायरॉइड आणि सध्या चालू असलेली औषधे यांची तपासणी व्हावी. कारण सापडले तर उपचार त्याच दिशेने करावे लागतात. गरम किंवा तिखट खाताना गालावर एकाच बाजूला घाम येत असेल, तर तेही सांगा, कारण लाळग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर तसे होऊ शकते आणि त्याचा उपचार वेगळा आहे. हा त्रास प्राथमिक ठरला, तर कपाळ आणि केसांच्या कडेला अॅल्युमिनियम क्लोराइडचे सौम्य द्रावण डोळ्यांपासून दूर लावता येते, आणि कपाळावर बोट्युलिनम टॉक्सिनही देता येते. भुवईच्या फार जवळ दिल्यास भुवई खाली उतरू शकते, म्हणून अनुभवी हात हवा. घाम केवळ बोलण्याच्या प्रसंगीच येत असेल, तर त्यापूर्वी घेण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल या धडधड कमी करणाऱ्या औषधाची लहान मात्रा काहींना उपयोगी पडते, पण दमा असलेल्यांना ते देत नाहीत. चेहऱ्याच्या घामासाठी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर वर ध्रुवपद यांनी लिहिलेले पुन्हा वाचावे. त्यासाठी छेद आणखी वरच्या पातळीवर घ्यावा लागतो आणि तिथे भरपाईच्या घामाचे प्रमाण व तीव्रता तळहातांसाठीच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असते.

सांजवेळ

बकुळ, आज डॉक्टरांची वेळ घेतली. मुलीला हा धागा वाचून दाखवला; तिने विचारले आहे की यंत्रावर बसल्यावर एका हाताने पुस्तक धरता येते का.

बकुळ

दोन्ही हात पाण्यात असतात, त्यामुळे पुस्तक धरता येणार नाही. तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा, आणि पहिल्या बैठकीला प्रवाह तिला मुंग्यांइतकाच जाणवेल एवढा ठेवायला डॉक्टरांना सांगा.